कुत्र्याची जात आणि साडेबारा टक्के

आमच्या न्हावा-शेव्याच्या बाजूला माणूस भेटला की आधी त्याचे गाव विचारतात, आणि माणसाबरोबर कुत्रा दिसला की कुत्र्याची जात विचारतात. गाव विचारण्यात मला काही वावगे वाटत नाही. ज्या गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर 1989 साली हे प्रचंड बंदर सुरू झाले, त्या गावांची नावे लोकांच्या तोंडी राहावीत हे योग्यच आहे. पण कुत्र्याची जात? पूर्वी या प्रश्नाला "गावठी" असे एकच उत्तर असे आणि विचारणाऱ्याचे तेवढ्यावर भागत असे. आता भागत नाही. आता त्यासाठी प्रयोगशाळा निघाल्या आहेत. कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती नळीत बंद करून पाठवायची, काही हजार रुपये मोजायचे, आणि काही आठवड्यांनी एक रंगीत अहवाल घरी येतो: आपला कुत्रा इतके टक्के अमुक, इतके टक्के तमुक.

या अहवालाविरुद्ध मला आज लिहायचे आहे. दिवाळी अंकात माणसाने गोड बोलावे हा संकेत मला ठाऊक आहे. पण चकलीही फराळातलीच असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझा राग शास्त्रावर नाही. 2005 साली 'टाशा' नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच शास्त्रज्ञांनी वाचून प्रसिद्ध केला, ही मानवी बुद्धीची मोठी कामगिरी आहे. आपल्याला गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, तर कुत्र्याला एकोणचाळीस; आणि त्या साऱ्या पसाऱ्यात कुठे काय दडले आहे ते हळूहळू उलगडत आहे. राग आहे तो आपल्या प्रश्नावर. एवढे मोठे शास्त्र दाराशी आले, आणि आपण त्याला विचारले काय? तर, "याची जात कोणती?"

मराठीत ही मोठी पंचाईत आहे, किंवा मोठा प्रामाणिकपणा आहे म्हणा. इंग्रजाजवळ या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, आपल्याजवळ एकच. माणसालाही जात आणि कुत्र्यालाही जात. म्हणून हा प्रश्न इंग्रजीत कितीही निरागस वाटला, तरी मराठीत विचारताना त्याला कसला वास येतो ते लपत नाही. मी माणसांची आणि कुत्र्यांची तुलना करीत आहे असे कृपा करून कोणी समजू नये. मी बोलतो आहे तो आपल्या सवयीबद्दल. समोर जिवंत प्राणी उभा असताना त्याच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या आजोबा-पणजोबांची चौकशी करण्याची ही सवय फार जुनी आहे, आणि ती आपण कुत्र्यापर्यंत नेऊन पोहोचवली आहे.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. नाव सांगत नाही, कारण त्यांच्याकडे मला फराळाला जायचे आहे. त्यांचा कुत्रा करळ फाट्याजवळ कंटेनरच्या गाडीखाली पिल्लू असताना सापडलेला. तांबूस रंग, उभे कान, वळलेली शेपटी. असा कुत्रा उरण तालुक्यात प्रत्येक चहाच्या टपरीसमोर एक तरी दिसेल. गृहस्थांनी हौसेने तपासणी करून घेतली. अहवालात बाकी पुष्कळ मजकूर होता, पण त्यांच्या नजरेने नेमकी एक ओळ टिपली. एका परदेशी जातीच्या नावापुढे साडेबारा टक्के असा आकडा होता. त्या दिवसापासून ते कुत्र्याशी इंग्रजीत बोलू लागले.

"पाहिलंत काका," ते मला म्हणाले, "मी म्हणतच होतो, याच्यात काहीतरी आहे!"

त्यांच्या आई आत पोहे चाळत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "अरे, काल याच्यात काही नव्हतं का रे?"

या माउलीने एका वाक्यात जे सांगितले, तेच मी पुढे लांबण लावून सांगणार आहे.

साडेबारा टक्के हा आकडा आमच्या भागात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या रक्ताच्या मोलाने पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले. त्या साडेबारा टक्क्यांसाठी माणसांनी वर्षानुवर्षे कागद गोळा केले: सातबारे, वारसदाखले, फेरफार. आपण इथलेच आहोत हे इथल्याच माणसाला कागदाने सिद्ध करावे लागले.

योगायोग असा की कुत्र्याच्या वंशावळीतही साडेबारा टक्क्यांना अर्थ आहे. पिल्लाला निम्मे जनुक आईकडून आणि निम्मे बापाकडून मिळतात. म्हणजे आजोबांचा वाटा सरासरी एक चतुर्थांश आणि पणजोबांचा एक अष्टमांश, म्हणजेच साडेबारा टक्के. कुत्र्याला पणजोबा-पणजी मिळून आठ. त्या आठांतला एक परदेशी निघाला एवढ्यावर आमच्या गृहस्थांची छाती फुगली, आणि उरलेल्या सात गावठी पणजोबा-पणज्यांनी ऊन, पाऊस, उपास आणि दगड सोसून जो वंश चालवला, त्याची कोणाला आठवणही झाली नाही. इथल्या माणसाकडे त्याच्या इथलेपणाचे कागद मागायचे, आणि इथल्या कुत्र्यात मात्र तो इथला नसल्याचा पुरावा शोधायचा! हा न्याय मला समजत नाही.

बरे, तो एक पणजोबा तरी खरा होता का? इथे या तपासणीची रीत समजून घेतली पाहिजे. प्रयोगशाळा कुत्र्याच्या जनुकसंचातील लाख-दोन लाख ठिकाणे वाचते आणि तिच्या संग्रहातील ज्ञात जातींच्या नमुन्यांशी ती ताडून पाहते. संग्रहात जे आहे, तेच उत्तरात येऊ शकते. इंग्रजी कोशात 'भाकरी' शोधू गेलात तर भाकरी सापडणार नाही. शेजारपाजारी 'बेकरी' सापडेल, आणि भाकरी ही बेकरीचीच लेक आहे असे तुम्ही ठरवून मोकळे व्हाल. जुन्या तपासण्यांत गावठी कुत्र्यांचे अगदी असेच होई. संग्रहात केवळ विलायती जाती. मग आमच्या कुत्र्याला कुठे चीनचा, कुठे जपानचा नातलग चिकटवला जाई. आता चांगल्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या प्रदेशांतील गावठी कुत्र्यांचे स्वतंत्र गट आपल्या संग्रहात घातले आहेत, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण सगळे दुकानदार सारखे नसतात. अमेरिकेत बॉस्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या बातमीदार बाईंनी 2024 साली कुत्र्याऐवजी स्वतःच्याच गालाचा नमुना तीन कंपन्यांकडे पाठवला. दोघींनी नमुन्यातून काही निष्पन्न होत नाही असे कळवले. तिसरीने मात्र त्या बाईंना अलास्कन मालाम्यूट, शार पेई आणि लॅब्रॅडॉर अशा तीन जातींत टक्केवारीने वाटून टाकले! बाईंच्या घरच्यांना काय वाटले असेल ते देव जाणे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण सगळे, मी तुम्ही आणि प्रयोगशाळेचे गिऱ्हाईक, एक गोष्ट गृहीत धरून चाललो आहोत की रस्त्यावरचा कुत्रा हा 'मिश्र' आहे. कोणत्या तरी शुद्ध जाती आधी होत्या, त्या बिघडल्या, एकमेकींत मिसळल्या आणि त्या काल्यातून हा तांबडा कुत्रा निपजला. हे गृहीतच खोटे आहे. 2015 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 161 जातींची साडेचार हजारांवर कुत्री आणि 38 देशांतील 549 गावठी कुत्री तपासली होती. दक्षिण अमेरिकेतील आणि प्रशांत महासागरातील बेटांवरील गावठी कुत्री जवळजवळ सर्वस्वी युरोपीय कुत्र्यांची वंशज निघाली. भारत, व्हिएतनाम आणि इजिप्त येथील गावठी कुत्र्यांत मात्र युरोपीय रक्ताचा अंश अगदी नाममात्र आढळला. याचा अर्थ काय होतो पाहा. ज्याला आपण संकर म्हणून हिणवतो, तो कोणाचाच संकर नाही. तो जुना आहे. बंदरात किंवा शहरात एखादा परदेशी पूर्वज त्याच्यात मिसळलाही असेल, पण झाड आपले आहे आणि मुळेही इथलीच.

किती जुना? प्रवरेकाठी दायमाबाद म्हणून गाव आहे. तेथे 1974 साली ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांतल्या एकीत दोन बैल जुंपलेला रथ आहे, रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर ऐटीत उभा आहे एक कुत्रा. बहुतेक अभ्यासक त्या मूर्ती साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. म्हणजे महाराष्ट्रात कुत्रा माणसाच्या रथावर चढला, तेव्हा विलायतेतल्या आजच्या जातींचा मागमूसही नव्हता.

कारण त्या 'शुद्ध' जातींची कुळकथा फार अलीकडची आहे. इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले नावाजलेले प्रदर्शन भरले ते 1859 साली, म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी. तिथला केनेल क्लब स्थापन झाला 1873 साली. जर्मन शेफर्डची नोंदवही उघडली 1899 साली. डॉबरमन तर आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताशी असलेली निरनिराळी कुत्री मिसळून तयार केला, आणि त्याचेच नाव जातीला लागले. थोडक्यात, ज्याला शुद्ध म्हणतात ते दीडशे वर्षांपूर्वीचे मिश्रण आहे. मिश्रण करून झाल्यावर दार लावून घेतले, एवढाच शुद्धतेचा अर्थ. बंद दाराआड पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यांत सोयरिकी करण्याची किंमत ती बिचारी जनावरे मोजतात. बुलडॉगच्या बहुसंख्य मादींची पोट फाडूनच सुटका करावी लागते. पगला नीट श्वास घेता येत नाही. बर्फात गाड्या ओढणारा हस्की आमच्या वैशाखात गॅलरीत धापा टाकताना मी पाहतो, तेव्हा त्याच्या जातीचा मला मुळीच हेवा वाटत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांना टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप असा: जात कळली तर स्वभाव कळतो, मग घरात लहान मुले असताना ते कळायला नको का? नक्की कळायला हवे. पण जातीवरून ते फारसे कळत नाही. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती गोळा करून, त्यांतल्या दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक वाचून 2022 साली निष्कर्ष मांडला गेला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी अवघा नऊ टक्के फरक जातीने उलगडतो. उरलेला ज्याचा-त्याचा, वाढवणाऱ्याचा आणि परिस्थितीचा. रूपावरून तर जातही कळत नाही. स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी 1965 सालच्या आपल्या ग्रंथात बसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांच्या संकराची पिल्ले दाखवली आहेत. त्यांतली कित्येक आजोळासारखी नाहीत की आजोबांसारखी नाहीत. रंग, कान, केस यांचा खेळ थोड्या जनुकांवर चालतो. तेवढ्यावरून स्वभावाची कुंडली मांडणे म्हणजे कपाळ पाहून नशीब सांगण्यापैकीच आहे.

आणि स्वभाव जातीवरून ठरवू लागलो की गुन्हाही जातीवरून ठरू लागतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवले आणि तेवीस जाती हिंस्र ठरवून त्यांची विक्री व पैदास थांबवावी असे सांगितले. त्यात या जातींचे संकरही आले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. पण क्षणभर कल्पना करा. असा नियम अमलात असता, तर हौसेने मागवलेला साडेबारा टक्क्यांचा तोच अहवाल उद्या आरोपपत्र झाला असता. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कायदा या देशात इंग्रजांनी 1871 साली माणसांसाठी केला होता. तो पुसून टाकायला 1952 साल उजाडावे लागले, आणि त्याचे डाग अजून पुरते गेलेले नाहीत. चावणाऱ्या कुत्र्याचा बंदोबस्त जरूर करा. ज्याच्या पोराला कुत्रा चावला त्याचे दुःख मी हलके लेखत नाही. पण दात ज्याचे, जबाब त्याचा, पणजोबांचा नव्हे.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो मला मान्य आहे. कोली व तिच्या नात्यातल्या काही जातींत एका जनुकात असा दोष आढळतो की खरुजेवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध मोठ्या मात्रेत दिल्यास ते मेंदूत शिरते आणि कुत्रा दगावूही शकतो. हा दोष 2001 साली ओळखला गेला. आता गंमत पाहा, ही परीक्षा जातीची नाही. त्या एका जनुकाची आहे. ती सरळ त्याच नावाने करून घेता येते. पशुवैद्याने सांगितली तर अवश्य करा, पैसे सत्कारणी लागतील. आपल्या आप्तांचे रक्त आपण तपासून घेतो ते साखर किती आहे हे पाहण्यासाठी. कुळ पाहण्यासाठी नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत साधा: "अहो, गंमत म्हणून केले, तुमचे काय गेले?" माझे काही गेले नाही. गेले ते त्या पिल्लांचे, ज्यांच्याकडे टक्केवारी नाही. घर शोधणाऱ्या पिल्लाविषयी पहिला प्रश्न "कोणत्या जातीचे?" हा येतो आणि "गावठी" म्हटले की बोलणे तिथेच संपते, हे मी पुष्कळदा ऐकले आहे. मग पिल्ले देणारेही शहाणे होतात आणि 'लॅब्रॅडॉर मिक्स' म्हणून सांगू लागतात. दयेलासुद्धा जातीचा खोटा दाखला जोडावा लागतो, तेव्हा गंमत संपलेली असते.

मोरा बंदरावर एका कोळीणमावशीला मी मुद्दाम विचारले होते, "मावशी, तुमचा हा कुत्रा कोणत्या जातीचा?" तिने जाळ्यातून मान वर करून माझ्याकडे पाहिले, वेडाच दिसतो अशा नजरेने. "जात कशाला इचारतंस बाला? होरीवर राखन करतंय ना? बास."

आपल्या परंपरेचे उत्तरही याहून वेगळे नाही. युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला, तेव्हा तो कुत्रा कोणत्या कुळीचा याची चौकशी त्याने केली नव्हती. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपण मुलांना गोष्टीत सांगतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाजवळही कुत्रा आहे; चित्रकाराने त्यांना कधी वंशावळ जोडलेली नाही. नेपाळात तर ऐन दिवाळीत, आपण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करतो त्याच सुमारास, कुत्र्यांना टिळा लावून गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तिथे माळ मिळते.

तेव्हा वाचकहो, कुत्र्याविषयी चौकशी करायचीच असेल तर कामाचे प्रश्न विचारा. रेबीजची लस टोचली का? शस्त्रक्रिया झाली का? हे दुसरे तर प्रयोगशाळेवाचून कळते: नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला एक छोटी खाच मारलेली असते. मला विचाराल तर कुत्र्याच्या अंगावरचा वाचण्याजोगा दाखला तोच. बाकीचे रंगीत कागद. तपासणीसाठी बाजूला काढलेल्या पैशांत आपल्या आळीतल्या किती कुत्र्यांना लस टोचता येईल याचा हिशेब घरातल्या शाळकरी मुलांना घालून पाहा. सुटीचा अभ्यासही होईल.

आणि या चार दिवसांत एवढे करा. फटाक्यांच्या आवाजाने भेदरून एखादा तांबडा कुत्रा तुमच्या जिन्याखाली येऊन बसेल. त्याला हाकलू नका. पाण्याचे एक भांडे ठेवा. चकली-लाडू देऊ नका, चॉकलेट तर मुळीच नको, ते त्याला विष आहे. साधी पोळी चालेल. कोणी विचारलेच की हा कोणत्या जातीचा, तर बेधडक सांगा: शंभर टक्के इथला.